हातमोज्यावरचा डाग

आता लोक ती पुस्तकं हातात घेतात आणि हसतात. जुन्या पुस्तकांच्या ढिगातून एखादं ओढून काढायचं, मध्येच कुठलंही पान उघडायचं आणि चारचौघांना मोठ्यानं वाचून दाखवायचं. चोर खिडकीतून उडी मारून पळाला, आणि गोष्टीतल्या ह्या चोर पकडणाऱ्या पोरी, चष्मेवाली आणि वेणीवाली, काय करतात? लोणी लावलेला पाव खातात! वर जॅम. वर गार दूध. मग चष्मेवाली फ्रॉक बदलते, का तर तळघरात उतरायला निळाच बरा, धूळ दिसत नाही. मग हातमोजे. मग टोपी. तोवर चोर पार पल्याडच्या गावात जाऊन झोपलेला. हसा बापड्यांनो, हसा. हसण्यासारखंच आहे ते. पण त्या पावाला लोणी कोणी लावलं आणि ते हातमोजे कोणी चढवले, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हसू येत नाही, एवढंच.

मुखपृष्ठावर लेखकाचं नाव एकच असायचं, भारदस्त, पुरुषाचं. असा कोणी पुरुष नव्हताच. छापखान्याच्या माडीवर एक खोली होती, तिच्यात तीन टेबलं आणि त्या टेबलांवर मान मोडून बसणारी तीन माणसं. एक खुद्द मालक. तो रहस्य रचायचा: चोरी कुठे झाली, किल्ली कोणाकडे, माळी खोटं का बोलतोय. पण जेवणखाण आणि कपडेलत्ते आले की त्याची गाडी अडायची. तिथे तो कागदावर कोरी जागा सोडायचा आणि बारीक अक्षरात लिहायचा, 'इथे खाणं', 'इथे कपडे'. खाणं भरायची ती खाऊबाई. कपडे भरायची ती झालरबाई, कारण झालर लावल्याशिवाय तिच्या हातून एक फ्रॉक सुटेल तर शपथ. दोघींची खरी नावं पगाराच्या दिवशीच काय ती ऐकू यायची.

कामाचा क्रम ठरलेला होता. आधी मालक, मग खाऊबाई, आणि शेवटचा हात झालरबाईचा. उघडच आहे. माणूस खातो तेव्हा सांडतो, आणि सांडतो ते कपड्यावर. डाग म्हणजे झालरबाईचं राज्य. कॉलरवर सांडलेलं सूप किती पिवळं दिसेल, बाहीवर जॅम वाळला तर कसा दिसेल, हे ती ठरवायची आणि त्यापायी खाऊबाईच्या वाक्यातला एखादा शब्द बदलायचा तर बिनदिक्कत बदलायची. खाऊबाईनं त्यावर कधी ब्र काढला नाही. काढणार कशी? छापून आलेलं पुस्तक ती उघडतच नसे. "दिवसभर चुलीपाशी उभी राहिलेली बाई शेवटी मिटक्या मारत जेवते का?" असं म्हणायची. "मला माझ्याच वाक्यांचा वास नकोसा होतो बाई."

ती पुस्तकं वाचायची तिची लेक. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण पोरगी एका जागी ठरायची नाही. बाप तिला आठवत नव्हता. मायलेकींचा संसार एका खोलीचा: एक खाट, एक शेगडी, खिडकीखाली आईचं टेबल. नवं पुस्तक छापून आलं की भिंगरी ते नुसतं वाचून थांबत नसे, ते सगळं करून पाही. वेणीवालीनं उकडलेलं अंडं रुमालात बांधून जिन्याखाली बसून खाल्लं ना, मग हिनंही तसंच खायचं. चष्मेवालीला पिसाची टोपी, तर हिला जुन्या पडद्याची. "पुस्तकात आग लागली तर घर पेटवशील का गं?" खाऊबाई ओरडायची. वरवर चिडायची आणि आतून फुलून जायची. तिच्या लिहिण्याला मिटक्या मारून दाद देणारं जगात हे एवढं एकच माणूस होतं, आणि ते तिच्या पोटचं होतं.

तर त्या वर्षीच्या पुस्तकात पोरी रानात वाट चुकतात. मालकानं जागा सोडली होती: 'इथे खाणं. रानातलं काहीतरी.' खाऊबाईला लहानपणीचं कुंपण आठवलं. त्या कुंपणावर उन्हात पिकणारी फळं असायची, लालचुटुक, मण्याएवढी, आधी आंबट आणि मग गोड. ओंजळ ओंजळ खाल्ली होती तिनं. सावलीत तशाच पानांचं दुसरं एक झुडूप असायचं, त्याची फळं काळी. त्यांना नुसता हात लावला म्हणून तिच्या आईनं तिच्या मुस्कटात लगावली होती. पण ते कशाला लिहायचं? पोरींच्या पुस्तकात भीती कशाला? तिनं लालच लिहिली, चवीनं लिहिली, आणि कागद झालरबाईच्या टेबलावर सरकवून दिला.

पुस्तक छापून आलं. भिंगरीनं ते सुट्टीच्या दिवशी सकाळीच संपवलं.

त्या दिवशी संध्याकाळी खाऊबाई बाजारातून आली तर पोरगी खाटेवर पोट धरून गोळा होऊन पडलेली. रात्रभर ओकाऱ्या झाल्या. उजाडताच तिला पाठीवर घेऊन खाऊबाईनं दवाखाना गाठला. लांबलचक वॉर्ड, पांढऱ्या लोखंडी खाटा, फिनाईलचा वास. डॉक्टरीणबाई तरुण होती, दमलेली होती, पण मन लावून बघत होती.

"काय खाल्लंय हिनं?"

"फळं," भिंगरी पुटपुटली. "पुस्तकातली."

"कसलं पुस्तक? कुठली फळं?"

खाऊबाईच्या जिवात जीव आला. ती चक्क हसली. "अहो डॉक्टर, ती माझीच फळं. म्हणजे मीच लिहिलीत! कुंपणावर असतात, लाल, मण्याएवढी. लहानपणी आम्ही पोटं फुटेस्तोवर खायचो. त्यांनी काही होत नाही. ही बया हावरट आहे, टोपलीभर खाल्ली असतील."

"लाल? नक्की ना?"

"नक्की म्हणजे काय! शब्द माझे आहेत."

भिंगरीनं डोळे उघडून आईकडे पाहिलं. तिला काहीतरी बोलायचं होतं. तेवढ्यात पुन्हा ओकारी आली, खाऊबाईनं तिचं कपाळ धरलं आणि बोलणं तिथंच राहिलं. डॉक्टरीणबाईनं लाल फळं लिहून घेतली, अपचनाचं औषध दिलं, घोटघोट पाणी पाजत राहा म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे वळली.

दुपारपर्यंत ओकाऱ्या थांबल्या. पोरगी उठून बसली, शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला तिच्या चष्म्यावरून काहीबाही विचारू लागली. म्हातारीनं तिला चष्मा लावून बघू दिला. खाऊबाईनं मनातल्या मनात देवाचे आभार मानले आणि संध्याकाळी धुतलेले कपडे आणायला घरी गेली. त्या विषाची हीच तर खोड होती. ते मध्येच माणसाला बरं वाटू देतं. हे तेव्हा तिला कोण सांगणार?

घरी मोरीत बादली होती, कोपऱ्यात, पाटीखाली झाकून ठेवलेली. आत साबणाचं पाणी आणि त्यात भिंगरीचे शाळेचे पांढरे मोजे. बोटं बाहेर यावीत म्हणून पुढून कात्रीनं कापलेले. हातमोजे केले होते कार्टीनं! "नवेकोरे मोजे गं मेले!" खाऊबाई एकटीच ओरडली आणि ते पिळायला हात घातला. पाणी काळंजांभळं झालं होतं. मोज्याच्या तळव्यावर तसलाच डाग, शाई सांडल्यागत, साबणानंही न हटलेला.

ती तशीच ओल्या हातानं उभी राहिली. लाल फळाचा डाग असा पडत नाही. लाल फळाचा डाग पाण्यात गुलाबी होतो आणि चोळला की जातो. तिच्या स्वतःच्या लहानपणीच्या फ्रॉकांवरून गेला होता. मग हे काय? मोज्याची घडी उलगडून पाहिली, वास घेतला.

पुस्तक उशीखाली होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्यातलं एक उघडलं. पानं उलटताना बोटं कुठल्या कुठे जात होती. रान सापडलं, झुडूप सापडलं, पोरी भुकेनं कासावीस झालेल्या सापडल्या. आणि मग तिचंच वाक्य, तिची आंबटगोड चव, तिचं ओंजळ ओंजळ, सगळं जसंच्या तसं. फक्त फळं काळी. 'काळीभोर, मण्याएवढी.' खाली दोन ओळींवर चष्मेवालीच्या पांढऱ्या हातमोज्यावर काळाजांभळा डाग उमटला होता, आणि पुढे तसल्याच डागावरून चोर सापडणार होता.

खाऊबाई धावली. चप्पल जिन्यातच राहिली. रस्त्यानं लोक वळून बघत होते, एकानं काय झालं म्हणून विचारलंसुद्धा, पण ती थांबली नाही. वॉर्डाच्या दारात डॉक्टरीणबाई भेटली तेव्हा तिनं तो ओला मोजाच पुढे धरला. "काळी," ती म्हणाली. "काळी होती. लाल नव्हती हो. काळी होती."

डॉक्टरीणबाईनं मोजा उजेडाकडे धरून पाहिला. नंतर जी धावपळ झाली ती सगळी भिंगरीच्या खाटेभोवती: सलाईन, सुया, मोठे डॉक्टर, पडदे. बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आली. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"सकाळीच पोट धुतलं असतं तर," ती म्हणाली. "आता ते अंगात भिनलंय. यकृतावर गेलंय. आमच्याकडे त्यावर उतारा नाही." मग खाली बघत, "तुम्ही लाल म्हणालात."

एवढंच म्हणाली. पण खाऊबाईच्या डोक्यात ते वाक्य जे बसलं ते बसलं. लाल म्हणालात. पोरगी सांगत होती, पुस्तकातली. पोरीला विचारलं असतं तर पोरीनं काळी सांगितलं असतं. पण आईला घाई! आईला कोण मिरवायची हौस, माझे शब्द, माझी फळं! तिनं स्वतःच्या तोंडात मारून घेतली, तिथंच, भिंतीपाशी. एक नर्स येऊन तिचा हात धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक आणि झालरबाई आले. कानावर गेलं होतं, पोरगी आजारी आहे एवढंच. मालक टोपी हातात घेऊन उभा. झालरबाईचे केस विंचरायचे राहिले होते, आणि ती तर घराबाहेर पडताना दोनदा आरसा बघणारी बाई.

"काळी का केलीस?" खाऊबाईनं विचारलं.

"काय काळी?"

"फळं. मी लाल लिहिली होती. काळी का केलीस?"

झालरबाईला आधी आठवेना. मग आठवलं, आणि ती नेहमीच्या सवयीनं समजावून सांगायला लागली. "अगं, हातमोजा पांढरा होता ना. त्यावर लाल डाग म्हणजे रक्त वाटतं. मालकांचा नियमच आहे, चोऱ्या कितीही होऊ देत, रक्त दिसता कामा नये, पोरी घाबरतात. म्हणून डाग काळा केला. आणि डाग काळा म्हटल्यावर फळं लाल कशी ठेवायची? डाग जुळायला नको…"

ती मध्येच थांबली. तिनं वॉर्डाच्या दाराकडे पाहिलं, मग खाऊबाईच्या तोंडाकडे. "बाई गं," ती म्हणाली. "बाई गं. ती खाल्ली तिनं?"

"डाग जुळायला!" खाऊबाई किंचाळली. "डाग जुळला तुझा! जा, बघ बादलीत, अस्सा जुळलाय! तुझ्या मेल्या हातमोज्यापायी माझी पोर… मला विचारायला काय झालं होतं? चार हातांवर माझं टेबल, तोंड उघडून विचारायला काय झालं होतं तुला?"

"तू कधी… तू कधी वाचतच नाहीस म्हणून…"

"नीघ. माझ्या डोळ्यांसमोर उभी राहू नकोस."

मालकानं घसा खाकरला. "बाई, गोष्टीतली फळं… म्हणजे कोणी खरंच जाऊन खाईल असं…"

"माझी खाते!" खाऊबाई त्याच्याकडे वळली. "आणि आत्ता ह्या घडीला कोणाकोणाच्या खात असतील? रक्त नको म्हणे! जा आधी. एकूण एक पुस्तक परत आणा. दुकानांतून आणा, घराघरांतून आणा, पेपरात छापा, वाटेल ते करा. इथे टोपी घेऊन उभे काय राहता?"

मालकाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याच्याही घरी मुली होत्या. तो जिन्यावरून अक्षरशः पळत गेला, आणि हे सांगायलाच हवं, की दिवस मावळायच्या आत त्यानं गावोगावच्या दुकानांना तारा केल्या, स्वतः दारोदार फिरला. त्यामुळे कोण कोण वाचलं ते कोणाला कळणार नाही. वाचलेल्या पोरींना कुठे माहीत असतं की त्या वाचल्या.

झालरबाई मात्र गेली नाही. ती बाहेरच्या बाकावर बसून राहिली. नर्सनं दोनदा सांगितलं, बाई, घरी जा. ती हो म्हणायची आणि बसून राहायची.

दुपारी भिंगरीचे डोळे पिवळे दिसायला लागले. अंगही. पाणी पोटात ठरत नव्हतं म्हणून नर्स कापसाच्या बोळ्यानं नुसते ओठ भिजवून जायची. डॉक्टरीणबाईनं खाऊबाईला बाजूला घेऊन सांगितलं की आजची रात्र निघणार नाही. खाऊबाईनं मान हलवली, आपण कोणाच्या तरी दुसऱ्याच पोरीबद्दल ऐकतोय अशी, आणि येऊन खाटेवर बसली. पोरीचा हात हातात घेतला. बोटांच्या पेरांत अजून काळं होतं.

"आई," भिंगरी म्हणाली. आवाज कसा बारीक झाला होता. "मोजे मी धुणार होते."

"जाऊ देत गं ते मोजे. आग लागो त्यांना."

"रागावलीस?"

"नाही गं माझ्या राजा. तुझ्यावर कशी रागावेन?"

पोरगी मग म्हणाली, "पुढच्या पुस्तकात काय खातात? सांग ना. पुस्तक यायच्या आधी कधी सांगत नाहीस तू."

घोटभर पाणी ज्या पोटात राहत नाही त्या पोटाला ही काय वाढणार होती? पण तिला येत होतं ते एवढंच. तिनं डोळे पुसले, पदर सारखा केला आणि टेबलापाशी बसल्यासारखी ताठ बसली. "चष्मेवाली थकून भागून घरी आली," तिनं सुरुवात केली. "दारातच तिला वास आला. बटाट्याचा. निखाऱ्यात भाजलेले बटाटे, सालं फुटलेली, आतून वाफ…"

"थांब," भिंगरी म्हणाली. "आधी घातलं काय होतं तिनं?"

"फ्रॉक."

"कसला?"

"निळा."

"आणि?"

"आणि… निळाच. छान होता."

"तुला नाही येत आई," भिंगरी म्हणाली, आणि पिवळ्या चेहऱ्यावर एवढंसं हसू आलं.

खाऊबाई खाली बघत बसली. बाहेरच्या बाकावर कोण बसलंय हे तिला माहीत होतं. त्या बाईचं तोंड उभ्या जन्मात बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि ते खरंही होतं, राग तसूभर कमी झाला नव्हता. पण पोरगी वाट बघत होती. ती उठली, दारापर्यंत गेली.

"आत ये," ती म्हणाली.

झालरबाईनं वर पाहिलं. "मी?"

"तिला कपडे सांग. मला येत नाहीत."

झालरबाई आली. खाटेच्या पलीकडच्या अंगाला स्टुलावर बसली. हात तिनं मांडीत घट्ट दाबून धरले. "निळा," ती म्हणाली, "पण आभाळासारखा नव्हे. शाळेच्या दौतीतल्या शाईसारखा. लोकरीचा. पांढरी कॉलर, गोल. पुढे पाच बटणं, शिंपल्याची. त्यातलं खालचं एक सैल झालंय, कारण भिंत चढताना अडकलं होतं."

"खिसा?"

"दोन. एकात भिंग."

"झालर?"

"झालर तर हवीच की गं. हाताच्या बोटाएवढी. पळताना पोटरीला लागते अशी."

"आणि हातमोजे, झालरमावशी?"

झालरबाईनं खाऊबाईकडे पाहिलं, बुडणारं माणूस काठाकडे बघतं तसं.

"हातमोजे नाहीत," खाऊबाई म्हणाली. "जेवायला बसलीय ना ती. हात स्वच्छ धुतलेत तिनं."

भिंगरीला ते पटलं. तिनं मान टेकवली. "मग सांग," ती म्हणाली. "बटाटे."

मग दोघी सांगत राहिल्या, एकीनं थांबायचं आणि दुसरीनं उचलायचं, माडीवरच्या खोलीत इतकी वर्षं केलं तसं. बटाट्यावर मीठ पडलं, लोणी वितळलं. लोणी बाहीला लागू नये म्हणून झालरबाईनं बाह्या दुमडल्या. मटाराचं सूप आलं, दाट, वर मिरपूड, ते खूप गरम होतं म्हणून चष्म्यावर वाफ धरली. झालरबाईनं खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. पावाचा कडेचा तुकडा, खरपूस, तोच चष्मेवालीला आवडायचा. भिंगरी आधी मध्येमध्ये विचारत होती, पाव ताजा आहे का, वेणीवालीला दिलं का. मग नुसती हुं हुं करू लागली. खिडकीतलं ऊन खाटेवरून उतरून जमिनीवर गेलं. हुं हुं थांबलं तरी ह्या दोघी थांबल्या नाहीत. अंडी झाली, दूध झालं, बटण शिवून झालं.

डॉक्टरीणबाई आली. तिनं पोरीचं मनगट उचललं, बराच वेळ धरून ठेवलं, आणि अगदी हळू चादरीवर परत ठेवलं. झालरबाईचा आवाज तुटला.

"बाई," डॉक्टरीणबाई खाऊबाईच्या खांद्याला हात लावून म्हणाली. "अहो, बाई."

"थांबा हो जरा," खाऊबाई म्हणाली. "तिचं जेवण व्हायचंय अजून."